आत्याचं खाचर

टेंपो पाखाडीच्या तोंडाशी थांबतो. ड्रायव्हर खाली उतरतो, वाकून बघतो आणि मान हलवतो. "ताई, इथून पुढं गाडी नाही जायची."

मला ते ठाऊक आहे. जांभ्या दगडाच्या या पायऱ्या मी लहानपणी सुट्टीत दिवसातून दहा वेळा चढले-उतरले आहे. वाडी खाली आहे, आंब्या-फणसांच्या गर्दीत, आणि आमचं घर वाडीच्या शेवटी, पऱ्याच्या अंगाला. काल रात्री आठला ठाणं सोडलं. महाड, कशेडी, परशुराम, संगमेश्वर, हातखंबा, मग अंजणारीच्या पुलावर काजळी ओलांडली तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. आता सकाळचे साडेसहा होत आहेत. लांजा तालुका, मुचकुंदीचं खोरं, मे महिन्याची 28 तारीख. रोहिणी नक्षत्र लागून तीन दिवस झाले आहेत.

खालून पाच-सहा जण वर येताना दिसतात. पुढे काकी. माझ्या वडिलांच्या चुलतभावाची ही बायको, वय सत्तरीच्या पुढं, काष्टा घट्ट मारलेला, कमरेला कोयता अडकवलेला. ती माझ्याजवळ येते, तळहात माझ्या गालावरून फिरवते. तिच्या हाताला काजूच्या चिकाचे काळे डाग आहेत.

"आलीस गो बाय? आता ऱ्हायलाच ना?"

"राहायलाच, काकी."

ती मागे वळून पोरांना सांगते, "उचला."

लोखंडी कपाट बांबूला दोरानं बांधून चौघं खांद्यावर घेतात. फ्रिज पाठीवर, गादी डोक्यावर. मी पातेल्यांचं पोतं उचलायला वाकते तर एक मुलगा ते माझ्या हातातून काढून घेतो. हे औषधांची पेटी स्वतःजवळ धरून उभे आहेत. ते इथले जावई आहेत. त्यांनी पोत्याला हात लावलेला वाडीला चालत नाही, हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यालाच कळलं होतं. आम्ही सगळे ओळीनं उतरतो. पायऱ्यांवर पातेरा पडलेला आहे, त्यावरून पाय घसरतो, म्हणून काकी पुढे चालता चालता पायानं तो बाजूला लोटत जाते.

बेडं काढून आत शिरते आणि खळ्यात उभी राहते. खळं शेणानं सारवलेलं आहे. म्हणजे काकी पहाटे उठून सारवून गेली आहे.

घर वडिलांनी बांधलं, तेही एकदम नाही. परळच्या गिरणीत साचेखात्यात असताना ते वर्षाला थोडे थोडे चिरे घेऊन ठेवत. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो, त्यामुळं रचून ठेवलेल्या चिऱ्याचं नुकसान होत नाही, पैसे मात्र जमेल तसे देता येतात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. वडील त्या वर्षी लावणीला गावी आले आणि परत गिरणीत गेले नाहीत. गावच्या मंडळींची लालबागला खोली होती, तिथली त्यांची पत्र्याची ट्रंक पुढं कोणीतरी आणून दिली. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, मुंबईतच राहिले. छत्तीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात काढली. ती ट्रंक आता समोर माजघरात आहे, तिच्यावर काकीनं पाण्याची कळशी भरून ठेवली आहे.

सामान अजून पडवीत येतंच आहे, तेवढ्यात वाडीतले गावकर येतात. वयस्कर माणूस, टोपी, पांढरा सदरा, हातात नारळ. घरात पाय टाकण्याआधी गाऱ्हाणं घालायचं आहे. उंबऱ्याबाहेर केळीच्या पानावर विडा आणि नारळ ठेवला जातो. आम्ही दोघं हात जोडून उभे राहतो. गावकर आधी ग्रामदेवतेला हाक घालतात, मग जागेवाल्याला, मग आमच्या घराण्याच्या पूर्वजांना. ही लेक परत आली आहे, असं ते सांगतात. ती कोणाचं काही घ्यायला आलेली नाही. तिच्या पायात काटा मोडू नये, गुराढोरांना, माणसाकाणसाला बरं ठेव. प्रत्येक वाक्याला उभी मंडळी म्हणतात, "व्हय म्हाराजा." माझ्याही तोंडून ते बाहेर पडतं. आवाज नीट निघत नाही, तरी पडतं.

नारळ फुटतो. पाणी उंबऱ्यावर सांडतं.

चहा होतो, पोरं जातात. मी माझी प्लास्टिकची फाइल उघडून पडवीच्या लाकडी बाकावर ठेवते. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल. क्षेत्र एकूण 1 हेक्टर 72 आर, म्हणजे सव्वाचार एकर. अकरा तुकडे. कब्जेदार सदरी दोघा भावांच्या नावांखाली माझं नाव. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात 1994 च्या कायद्यानं आला आणि देशभर 2005 साली. कायदा झाला तरी घरोघरी अजून हक्कसोडीवर सही होतेच. माझ्या भावांनी तो कागद माझ्यापुढं कधी ठेवला नाही. धाकटा उलट म्हणाला, "आक्का, आमच्यानं होत नाही, तू जा." त्याचं हे बोलणं मी जपून ठेवलं आहे.

काकी फाइलकडं बघते. तिला अक्षरं वाचता येत नाहीत. ती विचारते, "ह्याच्यात आडवण कुटं हाय?"

मी कागद वरखाली करते. आडवण कुठंच नाही. गट नंबर आहेत, आकार आहे, पोटखराबा आहे.

"मंग चल," ती म्हणते, "दाखवते."

ऊन अजून तापलेलं नाही. आम्ही मागच्या दारानं निघतो. काकी पुढं, मी मागं, माझ्या हातात काठी. काठी तिनंच दिली आहे आणि जमिनीवर आपटत चालायला सांगितलं आहे. फुरसं पातेऱ्यात बसलेलं असतं, पातेऱ्याच्याच रंगाचं. रत्नागिरीत फुरसं नवं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते. आमच्या आरोग्य केंद्रात ती आहे का, हे मी एप्रिलमध्येच येऊन विचारून गेले आहे. केंद्र नऊ किलोमीटरवर आहे आणि लस आहे. वाडीत कोणाकडं रात्री गाडी काढता येते, त्यांचे दोन फोन नंबर पेटीच्या झाकणावर आतून लिहिले आहेत.

पहिला गडगा लागतो. सुटे दगड रचून केलेला, चुना-माती काही नाही. एके ठिकाणी ढासळला आहे. काकी दोन दगड उचलून परत बसवते. तिसरा उचलते आणि हात आखडता घेते. खाली तांबूस विंचू आहे, नांगी वर केलेला. ती दगड हळूच परत ठेवते. "ऱ्हाऊंदे. त्याचं घर हाय."

मी लहान होते तेव्हा या लाल विंचवानं वाडीतली मुलं दगावायची. अंगाला घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे आणि फुफ्फुसात पाणी भरून जीव जायचा. महाडकडं काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबासाठी वापरायची प्राझोसिनची गोळी त्यावर वापरून दाखवली, तेव्हा हे मरण बरंच कमी झालं. नर्सिंगच्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांच्याबद्दल ऐकलं तेव्हा मला आधी आठवला तो आमच्या शेजारचा पाच वर्षांचा मुलगा. त्या गोळ्याही पेटीत आहेत. काकीला मी त्या दाखवून ठेवणार आहे.

गडग्यापलीकडं जमीन पायरीपायरीनं खाली उतरत जाते. ही सगळी भाताची खाचरं. आता सगळी कोरडी, धसकटांची, भेगाळलेली. मला ती सारखी दिसतात. काकी बोट करत जाते.

"ही लांबट. ही गुरवाची मळी, गुरवाची नाय, नाव तेवडं ऱ्हायलं. ती चिंचंखालची, चिंच पडली एकाहत्तरच्या साली. ह्ये दोन जुळे. ती आडवण, तिला पानी आडवं येतं, वरनं नाय, पऱ्याकडनं. म्हणून तिची मेर पयली बांदायची. ती नाय बांदलीस तर खालची तिनी वाहून ग्येली."

मी खिशातून डायरी काढते आणि लिहायला लागते. लांबट. गुरवाची मळी. चिंचेखालची. जुळी. आडवण. प्रत्येकाच्या पुढं, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं. हे ती न विचारता सांगते, कारण तिच्या लेखी खाचराची ओळख हीच आहे. खाचराचं क्षेत्र ती सांगत नाही. किती पायल्या बी लागतं आणि किती बाया दिवसात लावून काढतात, हे सांगते. डायरीत दोन पानं भरतात. फाइलमधल्या सगळ्या कागदांत पाण्याबद्दल मिळून एक ओळ आहे: जलसिंचनाचं साधन, विहीर.

ती विहीर वाटेवर लागते. मी कठड्यावरून वाकून बघते. तळाशी हातभर पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि मे महिन्यात बायकांना कळशीसाठी थांबावं लागतं. जांभा सच्छिद्र आहे. पाणी वर पडतं, आत शिरतं, उतारानं पाझरत मुचकुंदीला जातं आणि मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला. फेब्रुवारीपर्यंत बहुतेक पाणी गेलेलं असतं. पहाटे चार हंडे, संध्याकाळी दोन, एवढंच ही विहीर सध्या देते. काकी म्हणते ते आमच्या दोघांना पुरेल, कपडे धुवायला मात्र नदीवर जावं लागेल. बरोबर आणलेल्या वॉशिंग मशीनबद्दल ती बोलत नाही. मीही बोलत नाही. मशीन पावसाळ्यात लागेल.

विहिरीच्या वर काजूची बाग चढत जाते. वेंगुर्ला 4 जातीची कलमं, वडिलांनी नव्वदनंतर लावलेली. 1990 साली रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळू लागलं तेव्हा कोकणातले कितीतरी डोंगर असे हिरवे झाले. चाळीस लावली होती. सव्वीस उरली आहेत. काही वणव्यात गेली, दोन तौक्ते वादळात मे 2021 ला मुळासकट पडली. पडलेल्या एका खोडाचे तुकडे करून काकीनं खोपीत रचून ठेवले आहेत.

आणि बागेच्या वर सडा. आम्ही वर पोचतो तेव्हा उन्हाची झळ अंगावर येते. काळा कातळ लांबवर पसरलेला, झाड नाही. आमच्या सातबाऱ्यातलं 21 गुंठे यात आहे, सगळं पोटखराब, म्हणजे सरकारी हिशेबानं लागवडीला निरुपयोगी. काकी कातळावर बसते, टाचेत रुतलेला काटा काढते आणि सांगते की पावसाळ्यात गुरं इथंच चरतात. श्रावणात इथं पाऊल ठेवायला जागा नसते इतकी फुलं येतात, आणि वरचं पाणी कुठल्या खाचरात उतरणार ते या सड्याचा उतार ठरवतो. मला शेजारच्या राजापूर तालुक्यातले असेच सडे आठवतात, देवीहसोळचा, बारसूचा, देवाचे गोठणेचा. तिथं कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी कातळात माणसं, प्राणी, मासे कोरून ठेवले. 2022 मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या दगडांनाही सातबाऱ्यावर पोटखराबच म्हटलेलं असणार. मी आमच्या कातळावर हात टेकते. चटका बसतो.

"ह्याचं नाव काय, काकी?"

"सडाच. सड्याला काय नाव?" मग थोडं थांबून म्हणते, "तुजा बाप ह्यावर येऊन बसायचा. संपानंतर. दोन म्हयने कोणाशी बोलला नाय. मंग एक दिवस खाली आला नि नांगर धरलान."

हे मला माहीत नव्हतं. मी डायरी मिटते.

उतरताना आम्ही दुसऱ्या वाटेनं येतो. ऐन आणि किंजळीची झाडं, फांद्या तोडून भुंडी केलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये कवळ तोडतात, ती वाळवून राबाला जाळतात, त्याच्या खुणा. झाडांच्या खाली एक लहान खाचर आहे, बाकी सगळ्यांपेक्षा थोडं उंचावर. त्याची माती काळी पडली आहे आणि राखेचा वास अजून आहे. सात गुंठे असेल. मेर चारी बाजूंनी नीट लिंपलेली. हे एकच खाचर नांगरून, ढेकळं फोडून, हातानं सारखं करून ठेवलेलं आहे.

"ह्ये आत्याचं," काकी म्हणते.

"कुठली आत्या?"

"तुज्या आज्याची भैन."

मी तिचं नाव कधी ऐकलेलं नाही. काकी मेरेवर बसते, पदरानं मान पुसते आणि सांगते. तिनंही हे तिच्या सासूकडून ऐकलेलं आहे. आत्याचं लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती. नवरा मुंबईला गेला, तिथून बोटीवर चढला. दोन वेळा पैसे आले. मग काहीच आलं नाही, तो मेला असंही कोणी सांगितलं नाही. सासरच्यांनी तिला परत पाठवलं. तेव्हा ही जमीन आमची नव्हती, खोताची होती, आजोबा अर्धेलीनं कसत होते. मळणीच्या दिवशी खोताचा माणूस खळ्यात येऊन उभा राहायचा आणि अर्धं मापून न्यायचा. घरात खाणारी दहा तोंडं होती. तरी आजोबांनी हे सात गुंठे तिला दिले. ह्यात पिकेल ते तुझं, आम्ही हात लावणार नाही. खोताला द्यायचं अर्धं ते दुसऱ्या खाचरातून भरून देत.

"आनि ती काय करायची माहितीय? ह्यात भात लावायचीच नाय. सगळ्यांचा तरवा करायची. उंच हाय, पानी थांबत नाय, रोपं कुजत नायत. दहा घरं तिच्याकडनं तरवा न्यायची. बदल्यात भात द्यायची."

खोती 1949 च्या कायद्यानं गेली. मग कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्या कुळांना मालक मानलं गेलं आणि आजोबांचं नाव सातबाऱ्यावर चढलं. अकराच्या अकरा तुकड्यांवर आजोबांचंच चढलं. आत्या तेव्हा जिवंत होती, त्या दिवसापर्यंत वीस-बावीस वर्षं तिनं हे खाचर कसलं होतं. कोणी तिचं नाव लावावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नसणार. तिनंही मागितलं नसणार. ती गेली 1968 ला. त्यानंतर आजपर्यंत घरानं या खाचरात तरवाच केला आहे, आणि नाव तिचंच राहिलं आहे. ज्यांनी तिला पाहिलंही नाही ती वाडीतली पोरंसुद्धा म्हणतात, आत्याच्या खाचरात.

मी फाइल बरोबर आणलेली नाही, पण मला ती ओळ पाठ आहे. गट नंबर, 0.07.00, आणि खाली माझं नाव.

काकीला मी काही विचारत नाही. मेरेवरची माती मुठीत घेते. वरून राखेनं मऊ, आत खरखरीत. रुग्णालयात छत्तीस वर्षं मी रोज सहीपत्रकावर नाव लिहिलं. या बाईनं कधी कुठं नाव लिहिलं नाही, आणि तरी मी आज ज्या जागी उभी आहे ती जागा तिच्या नावानंच सांगता येते. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं आहे. अभिमानही वाटतो आहे.

"बी कधी टाकायचं?" मी विचारते.

काकी पश्चिमेला बघते. झाडांच्या शेंड्यांवरून दिसतो तेवढा आभाळाचा पट्टा पांढुरका आहे. वारा पडलेला. "आज. जेवून."

घरी येते तर ह्यांनी चूल पेटवली आहे. गॅस आणला आहे, पण सिलिंडर अजून पाखाडीच्या वर आहे. शेजारच्या वहिनीनं तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी पाठवली आहे. आम्ही पडवीत जेवतो. भाजीत आठळ्या आहेत, पिठूळ, गरम. समोर खळ्यात काकीच्या सुनेनं रतांब्याची सालं वाळत घातली आहेत, आमच्या खळ्यात ऊन जास्त वेळ राहतं म्हणून. सालं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, तेव्हा त्याचं आमसूल होतं. 2025 चा मे सगळ्यांच्या मनात अजून आहे. मोसमी पाऊस त्या वर्षी 25 मे लाच तळकोकणात उतरला, आणि आगोटीची अर्धी तयारी पाण्यात गेली. लाकडं भिजली, आमसुलं बुरसली, शाकारणी व्हायची राहिली. त्यामुळं या वर्षी माणसं आभाळाकडं बघत जेवतात.

दुपारी दोन वाजता आम्ही पुन्हा खाचरात आहोत. बी दोन पोत्यांत आहे. एक लांज्याच्या दुकानातलं रत्नागिरी 24, दुसरं काकीच्या मुडीतलं पाटणी, तिनं पेंढ्यात आवळून वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं. दोन्ही तिनं परवा मिठाच्या पाण्यात घालून वर तरंगलेला पळींज काढून टाकला आहे, मग स्वच्छ धुवून सावलीत वाळवलं आहे. पाऊस नसताना कोरड्या मातीत बी टाकायचं, याला धूळवाफ म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर रोप चांगलं धरतं. एक सर येऊन पंधरा दिवस दडी मारली तर उगवलेलं करपतं. सर फार मोठी आली तर बी वाहून जातं. काकीनं हे सगळं पाहिलेलं आहे, तिन्ही. तरी दर वर्षी रोहिणीत ती टाकतेच.

ती मला ओंजळ भरून बी देते. "मूठ सैल धर. मनगट फिरव. बोटांतनं जाऊंदे."

मी टाकते. दाणे एका जागी पडतात, ढीग होतो. ती माझं मनगट धरून फिरवते. सलाइनची धार मोजणारी माझी बोटं आहेत, त्यांना हे यायला हवं. पाचव्या-सहाव्या मुठीला दाणे पसरायला लागतात. काळ्या मातीवर पिवळे ठिपके. आम्ही दोघी समोरासमोर मागं मागं सरकत जातो. मग काकी आंब्याच्या डहाळीनं माती वरून ओढून घेते. चिमण्या आणि होले गडग्यावर येऊन बसले आहेत. वरच्या फणसावर माकडांची हालचाल दिसते, पण ती फणसात गुंतली आहेत. माकडांमुळं आणि डुकरांमुळं वाडीतल्या निम्म्या घरांनी शेती सोडली, हे काकीनं वाटेत सांगितलं. उरलेल्या निम्म्यांत आता आमचं घर आहे.

चार वाजता वारा फिरतो.

आधी वास येतो. मग सड्याच्या बाजूनं घरघर, मग पाचोळा उभा राहून फिरायला लागतो. काकी ओरडते, "सोलं!" आणि सत्तरीची ती बाई माझ्या पुढं पळते. खळ्यात पोचतो तेव्हा तिची सून आणि हे दोघं चटया गुंडाळत आहेत. मी रतांब्याची सालं ओंजळीनं सुपात भरते, हात लाल होतात. पहिले थेंब मोठे, एकेक, सुटे, सारवलेल्या खळ्यावर पडून काळे होतात. शेवटची चटई पडवीत येते आणि सर कोसळते.

कौलांवरचा आवाज इतका मोठा आहे की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. वीज जाते. माजघरात दोन ठिकाणी गळतं, तिथं पातेली ठेवते. कौलं परतणारा माणूस परवा येणार होता. काकी उंबऱ्याशी उभी राहून बाहेर बघते आहे. तिची नजर पावसावर नाही, पाखाडीवर आहे. पायऱ्यांवरून तांबडं पाणी उतरायला लागलं आहे. संध्याकाळ होते. सर कमी होते, थांबत नाही.

"किती वेळ असाच राहिला तर वाहून जाईल?" मी विचारते.

ती टॉर्च घेते. मी प्लास्टिकची खोळ डोक्यावरून ओढते आणि तिच्या मागून निघते. अंधार पडतो आहे. वाटेवर पाणी घोट्याएवढं आहे, कोमट आहे. लांबट ओलांडतो. जुळ्यांत पाणी शिरलेलं दिसतं, भेगा मिटत आहेत. आडवणीला खरंच आडवं येतं आहे, पऱ्याकडूनच, मेरेला धडक देऊन वळतं आहे. मी आवाजावरून ते ओळखते आणि काकीला सांगते. ती नुसतं "हूं" म्हणते.

आत्याच्या खाचरात खालच्या कोपऱ्यात पाणी साचायला लागलं आहे. वरच्या बाजूचं बी जागेवर आहे. काकी टॉर्च माझ्या हाती देते, वाकते आणि मेरेच्या कोपऱ्यातली माती दोन्ही हातांनी उकरते. वितभर तोंड मोकळं होतं. पाणी आधी अडखळतं, मग राखेचा काळा फेस घेऊन बाहेर पडतं, खालच्या खाचराकडं. मी दुसऱ्या बाजूला बसते आणि तिनं सांगितल्याप्रमाणे दोन दगड तोंडाशी लावते, म्हणजे पाणी जाईल पण बी अडेल. बोटांना दाणे लागतात, मऊ झालेले. मी ते परत वर टाकते.

घराकडून हाक येते. ह्यांचा आवाज, काळजीचा. माझं नाव घेऊन विचारतात, कुठं आहात तुम्ही दोघी?

मी उठून उभी राहते, तोंडाभोवती हात धरते.

"आत्याच्या खाचरात!"

थोडा वेळ नुसतं पाणी वाजत राहतं. मग पुन्हा हाक येते, "कुठल्या?"

काकी माझ्या हातातला टॉर्च घेते आणि तो डोक्याच्या वर उंच धरते.